बर्फावरची हॉकी, मुक्काम हिंगणघाट

उभ्या वर्धा जिल्ह्यात बर्फावरच्या हॉकीची काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि ते माझे थोरले साडू होते. बर्फ आमच्याकडे दिसायचा तो रसवंतीवर, पोत्यात भुसा घालून गुंडाळलेला. तोही दुपारपर्यंत निम्मा पाणी होऊन गटारीला लागलेला असे. अशा मुलखात, भर मे महिन्यात, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून बसलेला हा माणूस सांगायचा, की कॅनडात माणसं पायाला पाती बांधून बर्फावर पळतात, काठ्या घेऊन एकमेकांना पाडतात आणि या कामाचा रीतसर पगार घेतात. सांगायची तळमळ अशी की ऐकणारा नकळत खाटेचा काठ धरून बसे. ज्या टीमबद्दल ते सांगत ती तिथल्या एका लहानशा गावाची होती. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण साडूंनी ते तीन प्रकारे उच्चारलं आणि माझ्या शाळेच्या नकाशात ते तिन्ही प्रकारे सापडलं नाही. ते तिला नुसतं ‘आपली टीम’ म्हणत. आणि आपली टीम हरत असे. पाहुणी म्हणून गेली तरी हरे, घरी खेळली तरी हरे. एकदा बरोबरी झाली तेव्हा साडूंनी, ते जिथे बाबू होते त्या मिलच्या गेटवर, पेढे वाटले, आणि घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटलं, की बाबूंनी दुसरं लग्न ठरवलं.

साडू हे नातं मोठं गमतीचं. दोन बहिणी एका आईच्या पोटी येतात आणि त्यांच्यापायी दोन परके पुरुष जन्मभर एका पाटावर येतात; त्यांना कोणी विचारलेलं नसतं. माझ्या बायकोची, सुमनची, थोरली बहीण, आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो, लग्नानंतर चौथ्या वर्षी काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं. साडूंनी पुन्हा लग्न केलं नाही. हिंगणघाटला एका सूतगिरणीत ते स्टोअरबाबू होते. मशीनचे सुटे भाग, पट्टे, नटबोल्ट, तेलाचे डबे यांच्या गोदामाची किल्ली त्यांच्या कमरेला असे आणि मिलच्या चाळीतल्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. मी वर्ध्याला शाळेत भूगोल शिकवत होतो. मधे एसटीचा तास-दीड तासाचा रस्ता.

ताई गेल्यानंतर या माणसाला एक खोड जडली. बिनकामाचं ते कोणाच्या घरी जात नसत. आमच्याकडे महिना-दोन महिन्यांनी येत, पण दर वेळी काम घेऊन. दारात उभे राहत, पायातल्या चपला तशाच ठेवून आधी काम सांगत, आणि काम मंजूर झालं की मगच आत येत. कामं तरी कसली! एकदा आमच्याकडची चाळणी परत करायला आले. ती चाळणी आमची नव्हतीच, पण त्यांनी इतक्या लांबून आणली म्हणून बायकोने ठेवून घेतली. एकदा नागपूरच्या पॅसेंजरची वेळ विचारायला आले, आणि ही वेळ त्यांना हिंगणघाटच्याच स्टेशनवर कळली असती. एकदा तर घड्याळ मिळवायला आले. “मिलचा भोंगा दोन मिनिटं मागं चालून राह्यला मास्तर,” म्हणाले, “तुमच्या शाळेचा टाइम पक्का असते.” माझ्या घड्याळाशी आपलं घड्याळ लावलं, जेवले, वाटीभर ताक घेतलं आणि पाचच्या गाडीने परत गेले. मी बायकोला म्हणालो, तुझ्या भाऊजींच्या डोक्यातली एखादी चकती ढिली झाली आहे; स्टोअरमध्ये तिचा जोड शोधायला सांग. ती हसली नाही. मला वाटलं, विनोद जमला नाही.

मग आणीबाणी उठल्यानंतरच्या साली हॉकी आली. ती जिऱ्याच्या पुडीतून आली. मिलजवळच्या किराणा दुकानदाराने नागपूरच्या रद्दीबाजारातून परदेशी वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणले होते. कागद जाड, पुड्या मजबूत होत. तेव्हा अशी विलायती रद्दी गावोगाव यायची आणि आमची हळद-मोहरी कुठल्या कुठल्या देशांच्या बातम्यांत बांधून घरी जायची. साडूंनी जिरं डब्यात ओतलं आणि पुडी उलगडली, तर आत एक फोटो. अंगावर गाद्या बांधलेला एक प्रौढ माणूस बर्फावर उताणा पडलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर, साडूंच्या शब्दांत, “मार्चअखेरले स्टॉक जुळला नाई म्हणजे होते तसं तोंड.” खाली बातमी होती. साडूंचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, बाकी सुट्या भागांच्या याद्या वाचून कमावलेलं. त्यांनी डिक्शनरी घेऊन ती बातमी दोन दिवसांत लावली. टीम सलग सातवी मॅच हरली होती. पडलेला माणूस कप्तान होता, वय अडतीस, उजव्या गुडघ्याला पट्टा. टीमचा मालक फर्निचरचा दुकानदार होता आणि त्याने जाहीर केलं होतं, की लोक मॅच पाहायला आले नाहीत तर नाताळापर्यंत टीम बंद करीन. बातमी इथे तुटत होती. पुढचा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी घरी धण्याबरोबर गेला होता.

झालं. दुसऱ्या दिवशी साडू दुकानात हजर. छटाकभर मोहरी घेतली, पुडी तिथेच उलगडून पाहिली, आत घरांच्या जाहिराती निघाल्या. म्हणून छटाकभर मेथ्या घेतल्या. मग ओवा. एकट्या माणसाच्या घरी त्या महिन्यात इतका ओवा साठला, की चाळीतल्या सगळ्या पोटदुख्या त्याने बऱ्या झाल्या असत्या. पावभर साखरसुद्धा ते चार पुड्यांत घेत. दुकानदार कंटाळला. एक दिवस म्हणाला, “बाबू, पुरा गठ्ठाच उचलून घेऊन जा न. मी तुम्हाले फुकटात देतो, पण माझं डोकं नका खाऊ.” साडूंनी साफ नकार दिला. “गठ्ठा नेला तं मंग मी उद्या इथं काऊन येऊ?” एकदा माल घ्यायला वर्ध्याला आलेल्या या दुकानदाराने ही गोष्ट मला स्वतः सांगितली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. माणसाला विनोद कळतो, पण कधी कधी तेवढाच कळतो.

गठ्ठ्यांतले सगळे पेपर त्या एकाच गावचे होते आणि सगळे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचे, चार वर्षांपूर्वीचे. म्हणजे आपल्या टीमच्या एका सीझनची नुसती सुरुवातच हिंगणघाटला पोचली होती. साडूंना याचं काही वाटत नव्हतं. “आपल्याकडं कापसाचा सीझन लागते तवाच त्यांचा हाकीचा लागते,” ते कौतुकाने सांगत. पेपर जुने आहेत हे मी त्यांच्या नजरेला आणून दिलं तेव्हा म्हणाले, “जुने हायेत तं का झालं? मले तं आज भेटले.” पुड्या मात्र तारखेप्रमाणे सुटत नसत. त्यामुळे टीम आधी नोव्हेंबरात हरली, मग ऑक्टोबरात हरली, आणि त्यानंतर कधी तरी सप्टेंबरअखेरचं पान निघालं, त्यात कप्तान म्हणत होता, की यंदा आमची तयारी उत्तम आहे. हे वाक्य वाचून साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे काय होणार हे त्या अडतिशीतल्या म्हाताऱ्याला माहीत नव्हतं आणि यांना होतं.

मिळालेली पानं ते भिंतीवर चिकटवत. मिलमध्ये सुताला लावायची खळ असते, ती वाटीभर आणत आणि पान तारखेच्या जागी बसवत. जी मॅच अजून मिळाली नाही तिची जागा कोरी सोडत. चाळीतल्या बायकांनाही हे माहीत झालं होतं. कोणी डाळीची पुडी सोडली आणि आत काठीवाला माणूस दिसला की दारातून हाक येई, “बाबू, तुमची हाकी आली जी!” एका पानावर भज्यांचं तेल सांडून गोलकीपर पार नाहीसा झाला होता. एक अख्खी मॅच झुरळांनी खाल्ली. आपल्या टीमने ती एक मॅच जिंकली होती असा साडूंना दाट संशय होता, कारण त्यांच्या मते झुरळांना चांगल्याचीच चव कळते. मिलमध्ये पाळी सुटली की फिटर, वाइंडर, फाटकावरचा चौकीदार त्यांना थांबवून विचारत, “काय बाबू, आज का झालं?” आणि बाबू सायकलवरून उतरून सांगत. याआधी पाळी सुटताना बाबूंना कोणी थांबवत नसे. किल्ली असलेल्या माणसाशी लोक किल्लीपुरतंच बोलतात.

टीम का हरते याचं साडूंचं निदान स्वतंत्र होतं. कॅनडातल्या बातमीदारांनी कप्तानाचं वय, गोलकीपरचा ताप, प्रशिक्षकाचा तापटपणा अशी कारणं दिली होती. साडूंनी ती सगळी बाद केली. त्यांच्या मते टीमचा स्टोअरबाबू बेकार होता. एका मॅचला बर्फ गोठवायच्या मशीनचा पट्टा तुटला, बर्फ मऊ पडला, आणि आपले लोक फसले. “एक जादाचा पट्टा ठेवता येत नाई?” साडू माझ्यावर असे ओरडले जणू तो पट्टा मी विकून खाल्ला होता. “अन् त्या म्हाताऱ्याच्या बुटाचं पातं मॅच चालू असताना निघते! म्हणजे रिव्हेट ढिले. म्हणजे कोणी पाह्यलेच नाई. मी तिथं असतो न मास्तर, तं एक बी मॅच सामानापायी हरू देली नसती.” मग त्यांनी खिशातून यादी काढली : टीमने गोदामात नेहमी काय काय राखून ठेवलं पाहिजे. पाती, लेस, काठ्या, रिव्हेट, पट्टे दोन, गुडघ्याचे पट्टे चार. आणि ज्या वस्तूमागे ही माणसं धावतात ती चेंडू नाही, रबराची चकती आहे, “आपल्या पंपाच्या वायसरसारखी, फक्त भोक नाई.” त्याही दोन डझन लिहिल्या होत्या. खेळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण त्यात कुठला नट कुठे ढिला आहे ते त्यांना ठाऊक होतं. मी भूगोलाचा मास्तर. मीही अर्धं जग न पाहताच शिकवत होतो.

आता आमच्याकडे त्यांचं येणं दर रविवारी होऊ लागलं. दारात उभे राहून कामं सांगणं संपलं, येतानाच “मास्तर, नवीन पान भेटलं!” असं म्हणत आत येत. बायकोला सगळे खेळाडू नावानिशी माहीत झाले होते. ती पोळ्या लाटता लाटता विचारी, “भाऊजी, त्या तापवाल्याचं कसं हाय?” आणि भाऊजी चुलीजवळच्या पाटावर बसून सांगत. एका रविवारी तिला खेळ नीट समजेना म्हणून त्यांनी मागच्या अंगणातल्या फरशीवर साबणाचं पाणी ओतलं, धुण्याची मोगरी काठी म्हणून घेतली, साबणाच्या डबीचं झाकण चकती केलं आणि कप्तान कसा पळतो ते दाखवायला निघाले. तीन पावलं ते खरोखरच कॅनडात असल्यासारखे गेले. चौथ्या पावलाला मोगरी एकीकडे, झाकण शेजाऱ्यांच्या मोरीत आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस फरशीवर उताणा, हुबेहूब त्या फोटोसारखा. बायको हसत सुटली. पदर तोंडात कोंबून हसली, शेवटी उंबऱ्यावर बसूनच हसली. ताई गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. दोघी बहिणींचं हसणं अगदी सारखं होतं, हे मला तेव्हा आठवलं. साडूंनाही आठवलं असावं. लागलं कुठेच नव्हतं, तरी ते पडल्या जागी जरा जास्तच वेळ पडून राहिले.

असं दीड वर्ष चाललं. आणि मग माझ्यातल्या मास्तराने घाण केली.

माझा स्वभाव असा, की अर्धवट गोष्ट मला सोसत नाही. वर्गात वर्धा नदी मुलताईच्या डोंगरात उगम पावली की तिला संगमापर्यंत नेऊन पोचवल्याशिवाय मी घंटा होऊ देत नसे. मुलं पाय घासत बसत, पण नदी पोचे. इकडे दुकानदाराकडचे गठ्ठे संपत आले होते. रविवारची पानं आता घरांच्या जाहिरातींवर आली होती आणि साडू त्यातूनही कप्तानाने कुठलं घर घेतलं असेल याचा अंदाज सांगत होते. नाताळात टीम बंद पडली की वाचली, या प्रश्नावर दीड वर्ष आम्ही सगळे टांगलेले. मला वाटलं, या माणसाला शेवट मिळवून द्यावा. मी गुपचूप, शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडून भाषा तपासून घेऊन, त्या वर्तमानपत्राच्या संपादकाला विमानपत्र पाठवलं : आपल्या गावच्या टीमचं त्या साली पुढे काय झालं, कृपया कळवावे, हिंगणघाट येथे एक गृहस्थ चिंतेत आहेत.

चार महिन्यांनी उत्तर आलं. त्या वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांची देखभाल करणाऱ्या एका बाईंनी, हाताने, दोन पानं भरून लिहिलं होतं. मी ते कोणाला दाखवलं नाही. रविवारची वाट पाहिली. साडू आले, जेवायला बसलो, आणि मधल्या भातावर मी खिशातून पाकीट काढलं. वर्गात परीक्षेचा निकाल वाचावा तसं मी ते पत्र मराठी करून वाचलं. टीम त्याच साली नाताळाच्या दोन दिवस आधी बंद पडली. शेवटची मॅचही ते हरले. पाहायला माणसं इतकी थोडी होती, की मॅच संपल्यावर खेळाडू कठड्याशी आले आणि त्यांनी प्रत्येक प्रेक्षकाशी हात मिळवला. बाई स्वतः त्यांत होत्या. त्या इमारतीत आता मालकाच्या फर्निचरचं गोदाम आहे. हिंदुस्थानात कोणी आमच्या मुलांची आठवण काढतं हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, असं त्यांनी शेवटी म्हटलं होतं.

साडूंनी घास खाली ठेवला होता. “मंग त्या म्हाताऱ्याचं?” त्यांनी विचारलं. पत्रात त्याच्याबद्दल काही नव्हतं. “बरं,” ते म्हणाले. पत्र मागून घेतलं, बाईंच्या अक्षरावरून एकदा बोट फिरवलं, घडी घालून मला परत दिलं. ताट स्वच्छ करून उठले. चूळ भरली. निघताना म्हणाले, “चांगलं केलं मास्तर. एक काम संपलं.” माझी छाती फुगली होती. नदी पोचली होती.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, मिलमध्ये स्टॉकची मोजणी असेल. पाच रविवार गेले. बायको शनिवारी त्यांच्यासाठी हरभरा भिजत घाले आणि सोमवारी तो आम्ही दोघंच संपवत असू. शेवटी मी म्हणालो, “भाऊजींना राग आला की काय? हरली टीम, त्यात माझा काय दोष?”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्हाले खरंच वाटते, ते हाकी सांगायले येत होते?”

“मग कशाला येत होते?”

“ताई गेली तवापासून त्यांले वाटते, आता या घराशी आपलं नातं नाई राह्यलं. जिच्यापायी होतं ते गेली. मंग कोण्या तोंडानं यावं? म्हणून काई न काई काम घेऊन येत. चाळणी काय, घड्याळ काय. हाकी भेटली तं दर रविवारचं काम झालं. तुम्ही पत्र वाचून थेच संपवून टाकलं.” तिने देठं बाजूला सारली. “ताई होती तवा ते तुम्हाले साडभाऊ म्हणत. आता मास्तर म्हणतात. सहा-सात वर्षं झाली. तुमच्या ध्यानात तरी आलं काय?”

माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला जगातल्या सगळ्या सामुद्रधुन्या पाठ होत्या.

“मग तू मला आधी का नाही सांगितलंस?” मी चिडलो. चूक आपली असली की मला नेहमी राग येतो.

“मले वाटलं, तुम्हाले कळते,” ती म्हणाली. हे मला राग काढण्यापेक्षा जास्त लागलं.

लगेचच्या रविवारी मी हिंगणघाटची एसटी धरली. सेलू-काटे गाव मागे पडलं तेव्हा मला प्रश्न पडला. काय म्हणून जायचं? मी कधीच त्यांच्याकडे गेलो नव्हतो. ताई गेल्यानंतर तेराव्याला गेलो तेवढाच. मी निमित्तं शोधू लागलो. शाळेच्या पंपाला वायसर पाहिजे म्हणावं? शाळेला पंप नव्हता. कापसाचा भाव विचारावा? माझं शेत नव्हतं. हिंगणघाट येईपर्यंत माझ्याकडे सहा निमित्तं झाली होती आणि सहाही खोटी दिसत होती. त्या दीड तासात मला कळलं, की या माणसाने सात वर्षं दर वेळी एसटीत बसून काय केलं असेल. चाळणी विकत घेताना तो काय विचार करत असेल. मला खाली मान घालून बसावंसं वाटलं, आणि मी बसलो.

दार उघडंच होतं. साडू खाटेवर बसून तांदूळ निवडत होते. भिंतीवर हॉकी अजून होती, ते सांगत तशी कोऱ्या जागा सोडलेली. मला पाहून ते गडबडीने उठले, तांदूळ सांडले, आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा भीती आली.

“का झालं मास्तर? घरी सगळे बरे हायेत न? सुमनले काई…”

“सगळे बरे आहेत.”

“मंग काय काम काढलं?” ते कमरेची किल्ली चाचपत म्हणाले. “स्टोअरमधलं काई पाह्यजे काय? आज सुट्टी हाय, पण चौकीदाराले सांगून…”

सहाच्या सहा निमित्तं माझ्या तोंडाशी आली. मी एकही काढलं नाही.

“काही काम नाही,” मी म्हणालो. “असाच आलो.”

त्यांनी किल्लीवरचा हात काढला. मग हळूच, एखादा नियम माहीत नसलेला माणूस ऑफिसात विचारतो तसं, त्यांनी विचारलं, “असं बी येता येते काय?”

 मी ओरडलो. “नाही तर काय, अर्ज करावा लागतो? सुमन पाच आठवडे हरभरा भिजत घालून राहिली आहे. तो काय मी एकट्याने खायचा?”

ते खाली बसले आणि सांडलेले तांदूळ गोळा करू लागले. मीही बसलो. बराच वेळ आम्ही दोघं जमिनीवरचे दाणे वेचत होतो आणि ते संपू नयेत असं दोघांनाही वाटत होतं. मग ते म्हणाले, “तुमची ताई गेल्यावर या खोलीत लोकं येतात, मास्तर. पण कोणाले किल्ली पाह्यजे असते, कोणाले सही. आले, घेतलं, गेले. बसा म्हटलं तं म्हणतात, घाई हाय.” मूठभर दाणे उचलत म्हणाले, “ते असती तं तुम्हाले चहाच्या आधी पाणी देल्लं असतं. मी इसरलो.” आणि उठून पाणी आणायला गेले. सात वर्षांत त्यांच्या तोंडून ताईचा उल्लेख मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या दिवशी त्यांनी खिचडी केली. तिच्यात ओवा भरपूर होता. हॉकीबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही, आणि हॉकी वगळल्यावर असं दिसून आलं, की आमच्यात बोलण्यासारखं काहीच नाही. मी भूगोलातला, ते नटबोल्टांतले. जेवून आम्ही भिंतीला टेकून बसलो. त्यांना डुलकी लागली, मग मला लागली. चारच्या सुमाराला जाग आली तर ते उठून माझ्यावर पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते. मी लाजलो. ते म्हणाले, “पडा, पडा. गाडी पाचले हाय.”

त्यानंतर पुष्कळ वर्षं, एका रविवारी ते आमच्याकडे आणि एका रविवारी मी त्यांच्याकडे, असं चाललं. आम्ही काही बोलत नसू. बायको म्हणायची, दोन दगड आणून ठेवले असते तरी एवढंच झालं असतं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी ते गेले, झोपेतच, कोणाला त्रास न देता. खोली रिकामी करायला मी आणि सुमन गेलो. खळ फार पक्की बसली होती, पानं भिंतीवरून निघेनात, ओढली की फाटत. आम्ही ती तशीच ठेवली. नंतर राहायला आलेल्याने त्यावर चुना मारला असेल.

आता मीही निवृत्त आहे. घर नातवंडांनी भरलेलं आहे, सगळे सारखे बोलत असतात आणि मलाही बोलायला लावतात. मुलं चांगली आहेत. पण रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी भिंतीला टेकून बसतो, तेव्हा शेजारी कोणी तरी गप्प बसलेलं असावं, असं मला फार वाटतं.